फिल्टर कॉफी: डिकॉक्शन उतरत नाही, उतरलं तर पाणचट

पहिल्या दिवशी तीन चहाचे चमचे पावडर घातली तर पाणी दोन मिनिटांत खाली आलं आणि कॉफी पाणचट झाली. दुसऱ्या दिवशी दुप्पट पावडर अंगठ्याने दाबून भरली तर तासाभरात अर्धी वाटीही उतरली नाही. तुमची तक्रार एवढीच असेल तर फिल्टर बदलू नका, तो चांगला आहे. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी: वरच्याच्या तळाला भोकं, त्यात पावडर, आणि खालच्यात उतरतं ते डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क. चुकतोय तो वरच्या भांड्यातला पावडरचा थर.

तीन चहाचे चमचे म्हणजे जेमतेम 6-7 ग्रॅम. एवढ्या पातळ थरातून पाणी थांबणार कुठे? तीन कपांना 20 ग्रॅम लागते, म्हणजे 15 मिलीचे चार सपाट चमचे. पुड्यावर 'इन्स्टंट' लिहिलेलं नाही ना, तेवढं बघा. ती पाण्यात विरघळून सरळ खाली जाते. पावडर चिमटीत चोळली की बारीक रव्याहून जरा बारीक लागावी, मैद्यासारखी नको. घरच्या मिक्सरवर बिया दळायचा मोह टाळा. त्यात निम्मं पीठ आणि निम्मी भरड निघते. पीठ भोकं बुजवतं आणि भरडीतला अर्क तिच्यातच राहतो. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या बाजूला समोर दळून देणारी दुकानं आहेत, तिथे 'फिल्टरसाठी' एवढं सांगितलं की पुरतं.

चिकोरी किती, हे ते विचारतीलच. 80 भाग कॉफी, 20 भाग चिकोरी घ्या. चिकोरी म्हणजे एका रोपाची भाजलेली मुळं. ती पाणी धरून फुगते, त्यामुळे डिकॉक्शन सावकाश उतरतं, रंग आणि दाटपणाही येतो. तयार पुड्यात कायद्याने ती 49 टक्क्यांपर्यंत चालते, पण माझ्या मते 40 च्या पुढे कॉफी शोधावी लागते. दुसऱ्या दिवशी तुमचा फिल्टर तुंबला तोही या फुगण्यामुळेच: दाबलेल्या पावडरला फुगायला जागाच उरली नाही.

म्हणून पावडर घातल्यावर भांडं बाजूने दोन-तीनदा टिचकवून थर सपाट करा आणि फिल्टरसोबत येणारी दांडीची, भोकांची चकती वर ठेवून अगदी हलकी टेकवा. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी 30 मिली पाणी चकतीवर गोल फिरवत घाला आणि पावडर भिजू द्या. अर्ध्या मिनिटाने उरलेलं 110 मिली घालून झाकण ठेवा. चकती काढून पाणी ओतलंत तर धारेने थरात खड्डा पडतो आणि सगळं पाणी त्याच वाटेने जातं. पंधरा-वीस मिनिटांत साधारण 100 मिली डिकॉक्शन मिळेल. बाकीचं पाणी पावडर पिऊन बसते. पाच मिनिटांत उतरलं तर पुढच्या वेळी किंचित जास्त दाबा, अर्धा तास लागला तर कमी.

मध्येच थेंब थांबले तर चमच्याने ढवळू नका. बऱ्याचदा दोन भांड्यांच्या सांध्यात पाण्याचा थेंब बसतो, खालची हवा कोंडते आणि डिकॉक्शन अडतं. वरचं भांडं केसभर उचलून पुन्हा ठेवा, टपटप सुरू होईल. तरीही नाही झाली तर भोकं बुजली आहेत. रिकामं भांडं उजेडाकडे धरा, सगळी भोकं दिसली पाहिजेत. स्टीलचं असेल तर कोरडं करून तळ क्षणभर आचेवर धरा आणि आपटून झाडा. (सांडशीने. हाताने धरणारे भेटतात.)

एका कपाला 30 मिली डिकॉक्शन, 90 मिली कडक गरम दूध. दूध फुल क्रीम घ्या, पण आटवू नका, आटीव दुधाची चव कॉफीवर बसते. डिकॉक्शन गॅसवर उकळायचं नाही, कडू होतं. गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा. त्याच पावडरवर दुसरं पाणी घालता येतं, पण ते पहिल्यात मिसळून घरच्यांसाठी. पाहुण्यांना नको.

पावसाळ्यात मात्र 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर आणू नका. मुंबईच्या दमट हवेत आठवड्यात गुठळ्या होतात, आणि गुठळ्यांमधल्या फटींतून पाणी पुन्हा दोन मिनिटांत खाली येतं. डबा घट्ट झाकणाचा, चमचा कोरडा. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडलात तर आत दव धरतं, त्यामुळे तो बाहेरच ठेवा, फक्त शेगडीपासून लांब.