मायोसिस समजायचं तर लोकर आण

अगं, पेशीविभाजनाच्या टप्प्यांची नावं घोकणं आधी थांबव. बाजारात जाऊन दोन रंगांची लोकर आण: धागे म्हणजे गुणसूत्रं, एक रंग आईकडचा, दुसरा बापाकडचा. कांद्याच्या मुळाच्या टोकात, पेशीमागे 16 गुणसूत्रं. मायटॉसिसमध्ये, म्हणजे साध्या पेशीविभाजनात, ती मधोमध एका रांगेत येतात, प्रत्येकाच्या दोन जुळ्या प्रती (क्रोमॅटिड) सुटतात, दोन्हीकडे पुन्हा 16. झालं.

मायोसिस, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन, मात्र सावकाश बघ. ते मुळात नाही, फुलकळीतल्या परागकोशात शोध. तिथे आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र शेजारी चिकटून बसतं, तुकड्यांची अदलाबदल होते, मग पहिल्या विभाजनात जोडीच फुटते: 8 इकडे, 8 तिकडे. क्रोमॅटिड अजून जोडलेलेच! मीही इथेच अडखळायचे. ते सुटतात दुसऱ्या विभाजनात.

लोकरीची टोकं खरंच कापून बदल, पण दोन वेगळ्या रंगांच्याच धाग्यांची.