महागडा लॅपटॉप खरोखरच जास्त वर्षे टिकतो का?

दुप्पट किंमत मोजून घेतलेला लॅपटॉप दुप्पट वर्षे चालतो का, की स्वस्तातला घ्यावा आणि तो बिघडला की दुसरा आणावा, असे आपण विचारले आहे. हाच प्रश्न गेली सहा वर्षे माझ्या आणि माझ्या थोरल्या भावाच्या मध्ये पडून आहे, त्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नये. माझे मत असे आहे की जो लॅपटॉप उघडून दुरुस्त करता येतो तो टिकतो, आणि किमतीचे या गोष्टीशी नाते फार दूरचे आहे.

मी भाषांतराचे काम करते. पहिली काही वर्षे माझ्याकडे एक जाडजूड, काळा, वजनदार लॅपटॉप होता. कुठल्याशा कार्यालयाने तीन वर्षे वापरून काढून टाकलेला तो लॅपटॉप मी नव्याच्या पाव किमतीलाही न पोचणाऱ्या रकमेत घेतला होता. दादाला तो डोळ्यांसमोर नको असायचा. गूळ घालावा तितके गोड, हे त्याचे ठरलेले वाक्य. शेवटी त्याने निम्मे पैसे स्वतः घातले आणि मला एक अतिशय पातळ, धातूच्या आवरणाचा, त्या वर्षीचा बहुधा सर्वांत देखणा लॅपटॉप घ्यायला लावला. कंपनीचे नाव मी घेणार नाही. मात्र निम्मे पैसे दिल्यामुळे त्या यंत्राच्या प्रत्येक दुखण्यावर मत देण्याचा हक्क दादाला कायमचा मिळाला, हे इथे नोंदवून ठेवते.

पहिली दोन वर्षे उत्तम गेली. तिसऱ्या वर्षी टचपॅड दाबला जाईना आणि टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागला, कारण आतली बॅटरी फुगली होती. त्या मॉडेलमध्ये बॅटरी वरच्या आवरणाला गोंदाने चिकटवलेली असल्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बॅटरीबरोबर आवरण आणि कीबोर्डही बदलला आणि तिन्हींचे पैसे घेतले. पुढे अकरा महिन्यांनी एके सकाळी बटण दाबले तर साधा दिवासुद्धा लागला नाही. दोन दिवसांनी निकाल मिळाला: मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला, तो बदलावा लागेल, त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून अधिक येईल, आणि साठवणुकीच्या चिपा त्याच बोर्डावर सोल्डर केलेल्या, म्हणजे डाख देऊन कायमच्या जोडलेल्या असल्यामुळे आतील मजकूर परत मिळणार नाही. माझा शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता, आणि त्या तीन आठवड्यांत एका पुस्तकाची 140 पाने झाली होती. दादाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तू नीट वापरला नसशील."

मी तो लॅपटॉप बोर्डाची दुरुस्ती करणाऱ्या एका स्वतंत्र कारागिराकडे नेला. पुढे जे घडले ते मी शेजारी बसून पाहिले आहे. त्याने खालचे झाकण काढून मीटर लावला आणि मुख्य वीजवाहिनी कुठेतरी ग्राउंडशी, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेशी, शॉर्ट झाली आहे, एवढे दोन मिनिटांत ठरवले. मग त्याने बाहेरच्या पॉवर सप्लायमधून त्या वाहिनीला अगदी कमी व्होल्टेज दिले आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरले. सगळा बोर्ड ओला असताना एकच ठिपका भराभर कोरडा पडला. शॉर्ट झालेल्या भागातूनच सगळा प्रवाह वाहतो, तोच भाग तापतो आणि तिथले अल्कोहोल सर्वांत आधी उडून जाते. त्या ठिपक्याखाली तिळाहूनही लहान असा एक सिरॅमिक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) होता. अशा बोर्डावर ते शेकड्यांनी असतात आणि एकाच वाहिनीवर अनेक समांतर जोडलेले असतात, त्यामुळे त्यांतला एक काढून टाकला तरी यंत्राचे बहुधा अडत नाही. त्याने गरम हवेने तो उचलला, चार्जर जोडला, आणि लॅपटॉप सुरू झाला. माझी 140 पाने जिथल्या तिथे होती. सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या खर्चाच्या विसाव्या भागाइतकेही पैसे त्याने घेतले नाहीत. तिळाएवढ्या भागासाठी अख्खा मदरबोर्ड फेकायला सांगणाऱ्या व्यवस्थेला मी टिकाऊ कशी म्हणू?

दरम्यान, कपाटावर ठेवलेला तो जुना काळा लॅपटॉप मी खाली काढला होता आणि तासाभरात त्यावर काम सुरू केले होते. त्याची रॅम मी 4 जीबीची 16 जीबी केली आहे, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आहे, बॅटरी दोनदा बदलली आहे (खटका सरकवला की ती हातात येते), पंखा एकदा आणि पाणी सांडल्यावर कीबोर्ड एकदा. एवढ्या साऱ्या कामाला एक साधा स्क्रूड्रायव्हर पुरला. यावर दादाचा आक्षेप असा की, मग तो जुना लॅपटॉप उरलाच कुठे? आक्षेप चतुर आहे, पण त्यातच उत्तर दडलेले आहे. लॅपटॉपचे सगळे भाग एका वेगाने म्हातारे होत नाहीत. लिथियम-आयन बॅटरी ही एक रासायनिक वस्तू आहे. साधारण 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर, आणि चांगल्या प्रतीची असेल तर 1000च्या आसपास, तिची क्षमता मूळच्या सुमारे 80 टक्क्यांवर येते, मग ती कितीही महाग यंत्रात बसलेली असो. पंख्याचे बेअरिंग झिजते, प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट सुकते, बिजागरी सैल किंवा ताठर होते. प्रोसेसर मात्र या सगळ्यांच्या आधी क्वचितच मरतो. तेव्हा यंत्राचे आयुष्य त्यातला सर्वांत आधी थकणारा भाग ठरवतो, आणि तो भाग बदलता येत नसेल तर बाकीच्या उंची भागांचा काही उपयोग नसतो. जास्तीचे पैसे बहुतेक वेळा पातळपणा, पडदा आणि वेग यांत जातात. त्यांपैकी पातळपणा तर आयुष्याच्या मुळावरच येतो, कारण तो साधण्यासाठी रॅम सोल्डर करावी लागते, बॅटरी चिकटवावी लागते आणि उष्णता बाहेर जायला जागा कमी उरते.

उंची वस्तूंमधले दोष जगजाहीरही झालेले आहेत. ॲपलने 2015 मध्ये पातळपणासाठी आणलेला बटरफ्लाय कीबोर्ड धुळीच्या कणानेही अडकू लागला, 2018 मध्ये कंपनीला त्याच्या मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि 2019 च्या अखेरीस ती जुन्या कात्री पद्धतीच्या कीबोर्डकडे परतू लागली. (माझा लॅपटॉप या कंपनीचा नव्हता, कुणी तर्क लढवू नये.) शिवाय सॉफ्टवेअर किंमत पाहतच नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची एक चिप) आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागत असल्यामुळे 2016 मधला सर्वांत महाग लॅपटॉप आणि सर्वांत स्वस्त लॅपटॉप एकाच दिवशी पाठिंबा संपलेल्यांच्या एकाच रांगेत जाऊन उभे राहिले. फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉप आणि स्मार्टफोन यांच्या किमतीशेजारी दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण दाखवणे सुरू झाले. किमतीवरूनच सगळे कळत असते, तर हा दुसरा आकडा छापायची गरज कुणाला पडली नसती, हे मी दादाला लेखी कळवले आहे.

पैसे वाचवण्याच्या नादात फसगत होते अशा जागाही आहेत. अगदी तळाच्या लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत बसवलेले असतात. बिजागरी ताठर झाली की ते प्लास्टिक फुटते आणि पडदा आवरणापासून उचकटतो. 32 जीबी ईएमएमसी (बोर्डावरच पक्की बसवलेली, स्वस्तातली) साठवणूक असलेली यंत्रे मोडत नाहीत, पण विंडोजचे मोठे अपडेट मावायला जागा नसल्यामुळे गुदमरतात. चार्जर आणि टीव्हीचा पॉवर सप्लाय यांत तर काटकसर करूच नये, कारण तिथल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य उष्णतेवर अवलंबून असते. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे, आणि 105 अंशांसाठी बनवलेल्या भागाऐवजी 85 अंशांचा भाग बसवून पैसे वाचवण्याची कल्पना कारखान्यांना चांगलीच ठाऊक आहे.

तेव्हा आपण काय घ्यावे? बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे का, रॅम सोल्डर न करता खाचेत बसवलेली आहे का, एसएसडी सुटी निघते का आणि कंपनीने दुरुस्तीची पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवली आहे का, हे आधी पाहावे, आणि या चारही गोष्टी असलेला जो लॅपटॉप आपल्याला परवडेल तो घ्यावा. कार्यालयांसाठी बनवलेल्या मालिकांमध्ये असे लॅपटॉप अधिक सापडतात.

इथे काही गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. माझा जुना काळा लॅपटॉप मला स्वस्तात मिळाला असला तरी नवा असताना तो मुळीच स्वस्त नव्हता. ती किंमत कुणा कार्यालयाने भरली होती. दादा हा मुद्दा वारंवार मांडतो आणि मी तो वारंवार टाळते. दुसरे असे की, तो पातळ लॅपटॉप मी बहुतेक वेळा गादीवर ठेवून वापरला, हवेची छिद्रे खालच्या बाजूला होती, आणि दिवसभर तो चार्जरला जोडलेला असे. पूर्ण चार्ज आणि उष्णता ही जोडी बॅटरीला सर्वांत घातक असते. दादाने त्याच आठवड्यात घेतलेले तेच मॉडेल टेबलावर वापरले जाते आणि आजही चालते आहे. एका घरातल्या दोन यंत्रांवरून काही सिद्ध होत नाही, एवढेच मी त्यावर म्हणू शकते.

कारागिराने काढलेला तो कपॅसिटर मी त्याच्या बिलाच्या मागे पारदर्शक चिकटपट्टीखाली जपून ठेवला आहे. मागच्या महिन्यात दादा आला तेव्हा मी तो त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा चढवला, बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाला, "त्या लॅपटॉपमधला हा एवढाच भाग त्यांनी स्वस्तातला घातला असणार."