इच्छा गेली, की दुखण्याची धास्ती बसली?

"पाळी गेली आणि त्यातलं मनही गेलं. यांना कसं सांगू?" शरीरसंबंधाची इच्छा गेल्याचा हा प्रश्न घेऊन पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात. पण सुरुवातीलाच तो विचारणारी क्वचितच. आधी गुडघे, मग झोप, मग सून. जायला उठता उठता, पर्स खांद्याला लावताना, हे बाहेर पडतं.

सांगली भागातल्या एका बावन्न वर्षांच्या ताईंचं असंच झालं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पाळी बंद होऊन चार वर्षं झालेली. आपल्याकडे ती सरासरी 46-47 व्या वर्षीच जाते, म्हणजे त्यांचं काही जगावेगळं नव्हतं. सासूबाईंना रात्री उठवायला कुणीतरी लागतं, या निमित्ताने त्यांनी अंथरूण हॉलमध्ये हलवलं होतं. "हे काही बोलत नाहीत, पण घुश्श्यात असतात. आणि मला तर आता नकोच वाटतं. देवाधर्माचं वय झालं, नाही का?"

मी वयाचं काही बोलले नाही. कुठली औषधं चालू आहेत, एवढंच विचारलं. पर्समधून घड्या पडलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. वर्षभरात तीनदा लघवीच्या जळजळीसाठी अँटिबायोटिक, आणि दोनदा लघवीच्या तपासणीत जंतू सापडलेच नव्हते. मग विचारलं, "जवळ येताना दुखतं का?" त्या खाली बघून म्हणाल्या, "चिरल्यासारखं होतं. नंतर दोन दिवस आग." हे नवऱ्यालाच काय, डॉक्टरांनाही सांगितलेलं नव्हतं. दुखायला लागलं तेव्हापासून नकोसं वाटायला लागलं, हा क्रमही त्यांच्या तोवर लक्षात आला नव्हता. जिथे दर वेळी चटका बसतो तिथे हात जात नाही. त्याला इच्छा मेली म्हणायची घाई मला पटत नाही.

पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कमी झालं की योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, ताण पडला की ते चिरतं. तिथली आम्लता घटते, राखण करणारे चांगले जीवाणू कमी होतात. मूत्रमार्गाच्या तोंडाचंही तेच होतं, म्हणून लघवीची आग. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा पुढे बहुतेकींच्या कमी होतात. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उपचार लागतातच. ताई तर 'स्वच्छता' म्हणून रोज सुवासिक साबण आणि डेटॉलचं पाणी वापरत होत्या. ते त्याच दिवशी थांबवायला सांगितलं.

औषध देणं माझं काम नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी तपासून योनीमार्गात लावायचं इस्ट्रिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम दिलं: पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. शिवाय संबंधाच्या वेळी वापरायला पाण्यात विरघळणारं वंगण.

महिन्याने ताई आल्या तेव्हा क्रीमचं खोकं न उघडताच कपाटात होतं. आतल्या कागदावर कर्करोग शब्द वाचला होता! ही भीती उगाच नाही. 2002 साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेनसह दोन संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि तो भाग मध्येच थांबवला गेला. पण त्या पोटात घ्यायच्या गोळ्या होत्या. तिथल्या तिथे लावायच्या कमी मात्रेच्या क्रीममधून रक्तात फार थोडं उतरतं. डॉक्टरांना फोन लावून त्यांच्याच तोंडून हे ऐकवलं, तेव्हा खोकं उघडलं. (स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते लावू नये.)

मग 'हे' आले. बराच वेळ पंख्याकडे बघत होते. "मला वाटलं, हिला माझा वीट आला." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले की शुगर वाढल्यापासून त्यांनाही पूर्वीसारखं जमत नाही, आणि ती हॉलमध्ये गेली तेव्हा एका परीने सुटल्यासारखंच वाटलं होतं. ताई वळून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. यजमानांना फिजिशियनकडे जायला सांगितलं. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होऊन असं होतं, त्यावर इलाज असतो.

दीड महिना संबंध ठेवायचाच नाही, असं ठरवून दिलं. पुढे काही व्हायलाच हवं ही टांगती तलवार नसली की माणसं नुसती शेजारी बसू शकतात. सासूबाईंची काशाची वाटी घरात होतीच. रात्री तूप लावून एकमेकांचे तळवे घासायचे, एवढाच गृहपाठ. पहिल्या दिवशी दोघंही हसत सुटले म्हणे.

तीन महिन्यांनी दुखणं बरंच उतरलं, लघवीची आगही परतली नाही. इच्छा तिशीतल्यासारखी आलेली नाही. एखादा आठवडा येते, एखादा नाही. "नको असलं तर नको म्हणते आता, कारण नाही सांगत बसत," ताई म्हणाल्या. क्रीम चालू आहे. बंद केलं तर त्रास परत येतो, हे त्यांना ठाऊक आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग दिसला, तरी तो कोरडेपणाचाच असेल असं गृहीत धरायचं नाही, लगेच तपासून घ्यायचं, हेही त्यांना लिहून दिलं आहे.