पिनकोड, स्टेपलर आणि सातबारा: रटाळ विषयांवर हसवणारी प्रश्नमंजुषा

गणपती, कोजागिरी आणि गॅदरिंग जवळ आलं की या सदराकडे प्रश्नमंजुषेची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांची तक्रार एकच आहे: विषय कोरडा मिळालाय आणि माणसं तर हसवायची आहेत.

प्रश्न: आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात प्रश्नमंजुषा असते. यंदा समितीत टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्या आग्रहाने विषय ठरला ‘पिनकोड’. पाच मिनिटांत सगळे वडापावच्या टेबलाकडे जातील. काय करू? (एक सभासद, ठाणे)

उत्तर: काकांचे आभार माना, विषय झकास आहे. रटाळ विषय दोन जातींचे असतात. काही कुणी आयुष्यात हाताळलेलेच नसतात; त्यांच्यावर हसू फुटायला आधी व्याख्यान द्यावं लागतं. काही रोज हातातून जातात, पण त्यांच्याकडे कुणी निरखून पाहिलेलं नसतं. पिनकोड या दुसऱ्या जातीचा. आपण हजार वेळा लिहिलेल्या गोष्टीत काहीतरी दडलं होतं हे कळलं की माणूस स्वतःवरच हसतो, आणि हे हसू फुकट मिळतं.

फक्त ‘पिनकोड कधी सुरू झाला?’ असं विचारू नका. हे एक तर ठाऊक असतं किंवा नसतं, मध्ये डोकं चालवायला जागाच नाही. तीच माहिती उलटी फिरवा: ‘स्वातंत्र्याला बरोबर पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी देशाला एक सहा आकडी भेट मिळाली, जी आपण आजही अर्जात खाडाखोड करून भरतो. ती कोणती?’ तारीख तीच, १५ ऑगस्ट १९७२. पण आता ज्याला काहीच माहीत नाही तोही ‘सहा आकडी’ला धरून उत्तरापर्यंत येतो.

पिनकोडची घडण स्वतःच प्रश्न पुरवते. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन तुमच्या टपाल कचेरीचे. तेव्हा ४११, ४१३, ४१६ आणि ४०३ असे चार आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा, यातला कोणता आकडा बघून साहेब रजेच्या अर्जावर संशय घेतील? पुणे, सोलापूर, कोल्हापूर ओळखले की ४०३ म्हणजे गोवा आपोआप उरतो. किंवा हा घ्या:

पिनकोडचा पहिला आकडा ९ आहे. पत्र कुठे निघालंय?
अ) लक्षद्वीपला
ब) लष्कराकडे
क) परदेशात
ड) शेजारच्या विंगमध्ये, नेहमीप्रमाणे

उत्तर ब. ड तुमच्या सोसायटीचा खास, तो प्रत्येक ठिकाणी बदलायचा.

जुन्या मंडळींसाठी ‘पुणे ३०’ ठेवा. सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३०, दादर पश्चिमेचा ४०००२८. आधीचा ‘पुणे ३०’, ‘मुंबई २८’ हा क्रमांक नव्या कोडच्या शेपटीत तसाच ठेवला गेला. इथे पुणेकरांच्या दुपारच्या झोपेचा पर्याय टाकायचा मोह होईल. तो विनोद आता पेन्शनीत काढा.

शेवटचा प्रश्न काकांना वाचायला द्या. पिनकोडची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कचेरीबाहेर काय करत: अ) पत्ते पिसत, ब) संस्कृतात कविता रचत, क) तिकिटं जमवत, ड) आलेल्या पत्रांना उत्तरं देत? उत्तर ब. यातला ‘पत्ते’ सभागृहात दोन सेकंद उशिरा पोचतो. तेवढा वेळ थांबून मग पुढचा पर्याय वाचायला सांगा.

प्रश्न: विनोद नेमका कुठे घालायचा? मी प्रश्नातच गंमत करते, तर लोक हसतात आणि मग विचारतात, ‘प्रश्न काय होता?’ (शिक्षिका, सांगली)

उत्तर: तुमच्या पत्रातच उत्तर आहे. प्रश्न कोरडा ठेवा, सरकारी परिपत्रकासारखा, आणि हशा चुकीच्या पर्यायांकडून काढा. बरोबर पर्यायाला हात लावू नका. तो सर्वांत नीरस असला तरच शोभतो.

स्टेपलरच्या पिनांची डबी घ्या. तिच्यावर लिहिलेलं असतं २४/६. म्हणजे काय?
अ) २४ पिनांपैकी ६ वाकतात
ब) २४ गेजची तार, ६ मिलिमीटरचे पाय
क) २४ पानं, ६ सह्या
ड) २४ तास सेवा, आठवड्यातून ६ दिवस; रविवारी सुट्टी

अ हसवतो कारण तो अनुभवाला धरून आहे. ड हसवतो कारण त्याचा हिशेब बिनचूक आहे. विनोदी पर्यायालाही स्वतःचं तर्कशास्त्र हवं. ‘२४ हत्ती, ६ उंदीर’ लिहिलंत तर कुणी हसणार नाही, आणि चारांतला एक पर्याय वाया जाईल.

आता क नीट बघा, त्यात घोळ आहे. साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. वीस पानं म्हणजे २ मिलिमीटर, उरलेला पाय वळायला लागतो. म्हणजे ही पिन खरोखरच वीस-पंचवीस पानं धरते, आणि कचेरीत काम करणारा कुणीतरी उठून म्हणणार, ‘२४ पानंच लागतात की!’ चुकीचा पर्याय निखालस चुकीचा हवा, अर्धवट खरा चालणार नाही. ‘२४ पानं’ काढा, ‘२४ टेबलं, ६ सह्या’ करा. आधीपेक्षा जास्त हसतील.

चारांपैकी दोनच पर्याय विनोदी ठेवा, तिसरा गंभीर तोंडाचा फसवा. तिन्ही विनोदी झाले की उरलेला एक बरोबर, हे दुसऱ्या प्रश्नापासून कळतं आणि खेळ संपतो. वाचणाऱ्याने चारही पर्याय एकाच सुरात वाचायचे. स्वतः आधी हसला की गेलं.

प्रश्न: गावात महसूल दप्तरावर प्रश्नमंजुषा घेतली. प्रश्न अवघड होते, तरी पोरं विषय न वाचता सगळी उत्तरं बरोबर देत होती. कसं काय? (ग्रंथालय कार्यकर्ता, जिल्हा सातारा)

उत्तर: प्रश्नच चुगली करतात. तुम्ही पाठवलेला एक नमुना बघा: ‘सातबाऱ्यावर खालीलपैकी कोणती नोंदवली जाते? अ) बैल ब) विहीर क) ट्रॅक्टर ड) जावई’. ‘कोणती’ म्हटल्यावर विहिरीखेरीज कोण बसणार? मराठीत लिंग आणि वचन हे सगळ्यात मोठे फितूर. ‘काय नोंदवतात?’ असं विचारा, नाहीतर चारही पर्याय एका लिंगाचे घ्या. दुसरी खूण लांबीची: आपण बरोबर पर्याय काळजीपोटी सविस्तर लिहितो आणि खोटे दोन शब्दांत उरकतो. तुमच्या वीसपैकी तेरा प्रश्नांत सर्वांत लांब पर्याय बरोबर आहे. तिसरी जागेची: लपवायचं म्हणून हात आपोआप ब आणि क कडे जातो. उत्तरांची रांग चिठ्ठ्या टाकून आधी ठरवा, पर्याय त्याप्रमाणे बसवा.

विषय मात्र सोडू नका. ‘सातबारा’ हा शब्द रोज तोंडात असतो, पण गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ जोडून तो झाला हे विचारलं की माणसं थबकतात. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये तिच्यात काय पिकतं. फेरफार नमुना ६ मध्ये, खातं ८-अ मध्ये. ‘सात आणि बारा मिळून एकोणीस का म्हणत नाहीत?’ हा प्रश्न पोरांना तोंडपाठ होईल.

या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न असा: क्रिकेटच्या खेळपट्टीच्या निम्म्या लांबीची दोरी घेतली आणि त्या मापाचा चौरस आखला. काय तयार झालं? अ) अंपायरची खोली, ब) एक गुंठा, क) एक एकर, ड) भावकीत वाद. खेळपट्टी २२ यार्ड म्हणजे ६६ फूट. निम्मे ३३. तेहतीस गुणिले तेहतीस १०८९ चौरस फूट, बरोबर एक गुंठा. हा योगायोग नाही: ६६ फूट ही जमीन मोजायच्या इंग्रजी साखळीची लांबी, खेळपट्टीही तेवढीच, एकरही त्याच साखळीवर बेतलेला. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. ज्यांना महसुलाचा गंध नाही ते क्रिकेटच्या बाजूने येतात, शेतकरी गुंठ्याच्या बाजूने, आणि मध्ये भेटतात. रटाळ विषयाला आवडत्या विषयाशी असं खरं नातं सापडलं की एका प्रश्नावर पाच मिनिटं गप्पा चालतात.

मात्र पर्यायांत ‘एक आर’ ठेवू नका. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. बोलताना दोन्ही एकच मानतात, त्यामुळे स्टेपलरच्या पानांसारखाच वाद पेटेल.

आणि हशा कागदावर ठेवा, माणसावर नको. पहिल्या रांगेत तलाठी बसलेले असतात. त्या पदाचं नावही आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, तेव्हा उत्तरपत्रिका ताजी करून घ्या.

प्रश्न: उत्तरावरून भांडण झालं. एका संघाने मोबाइल काढून दाखवला, आमच्याकडे पुस्तक होतं. कोण बरोबर? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: बहुधा दोघंही चूक, कारण प्रश्न सैल होता. तुमचा प्रश्न: ‘एसटी महामंडळाची पहिली बस कधी धावली?’ १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही बस धावली हे खरं, पण तेव्हा महाराष्ट्र राज्यही नव्हतं आणि आजचं महामंडळही. ‘महामंडळाची’ हा एक शब्द काढला असता तर भांडण झालं नसतं. गावाचं नाव आता अहिल्यानगर. उत्तरपत्रिकेत दोन्ही लिहा आणि दोन्ही मान्य करा. ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘एकमेव’ हे शब्द दिसले की लाल पेनाने गोल करा आणि विचारा: कुठला, कधीचा, कुणाच्या मते? ‘आपला राष्ट्रीय खेळ कोणता?’ हा प्रश्न अजून फिरतो. सरकारने असा कोणताही खेळ घोषित केलेला नाही.

दोन ठिकाणी सापडलं म्हणजे खरं, असंही नाही. दोघांनी एकमेकांचं उतरवलेलं असू शकतं. अमेरिकेत फ्रेड वर्थ यांनी आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव म्हणे फिलिप. पुढे एका गाजलेल्या प्रश्नोत्तरांच्या बैठ्या खेळात तेच उत्तर छापून आलं. वर्थ यांनी १९८४ साली दावा लावला आणि हरले, कारण वस्तुस्थितीवर कुणाची मालकी नसते.

कचेरीत जिला ‘जेम क्लिप’ म्हणतात तिचीही तीच कथा. ती नॉर्वेच्या योहान वालर यांनी शोधली असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल. वालर यांची क्लिप वेगळी होती, तिला आतला दुसरा वेढा नव्हता. आपण वापरतो ती त्याआधीच ब्रिटनमध्ये मिळत होती. ओस्लोजवळ १९८९ साली वालर यांच्या सन्मानार्थ क्लिपचं भलंमोठं शिल्प उभारलं, तेही त्यांच्या क्लिपचं नाही. ही गफलत हाच तुमचा प्रश्न करा: ‘या शिल्पात चूक काय?’ चुकीची माहिती फेकून देण्याऐवजी अशी कामाला लावता येते.

प्रत्येक प्रश्नाच्या मागे मूळ कागदाचं नाव आणि पडताळल्याची तारीख लिहा. वाद झालाच तर परीक्षकाने तिथल्या तिथे दोन्ही संघांना गुण देऊन पुढे जावं. मोबाइल काढू देऊ नये.

प्रश्न: किती प्रश्न आणि किती वेळ? (महिला मंडळ, अमरावती)

उत्तर: चाळीस मिनिटांना वीस. वाचन, विचार, उत्तर आणि हशा धरून प्रश्नाला दोन मिनिटं लागतात. वीस हवे असतील तर साठ लिहा. पहिले पंधरा नेहमी सगळ्यांना सुचणारे असतात, ते बाद करा. उरलेल्यांत सहा बहुतेकांना येतील असे, दहा तर्काने सुटणारे, चार खरोखर अवघड. सरासरी संघाला बारा गुण पडले तर जमलं. आठच्या खाली गेले तर लोक रुसतात, सतराच्या वर गेले तर जांभया देतात. आधी दोन त्रयस्थांवर चालवून बघा आणि कुठे हसले ते न सांगता टिपून ठेवा.

प्रश्न: इथल्या मराठी मंडळात मुलांचं मराठी बेताचं आहे. शब्दांच्या कोट्या चालत नाहीत. (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर: मग कोट्या सोडा, वस्तू हातात द्या. भारतातून आलेला ए-फोर कागद आणि तिकडचा लेटर कागद शेजारी ठेवा. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. मधोमध दुमडला तरी आकाराचं प्रमाण तेच राहतं. लेटर दुमडला की बिघडतं. ‘यातला कोणता कागद लहानपणी आईबाबांसारखाच दिसतो?’ हे मोडक्या मराठीतही कळतं आणि मुलं लगेच दुमडायला लागतात.

बरोबरी झाली तर शेवटी अंदाजाचा प्रश्न: ८० ग्रॅमच्या ए-फोर कागदाच्या पाचशे पानांच्या गठ्ठ्याचं वजन किती? असे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो आणि तेवढ्याचं वजन ८० ग्रॅम, म्हणजे एक पान ५ ग्रॅम आणि गठ्ठा अडीच किलो. जवळचा आकडा जिंकला. वजनकाटा टेबलाखाली तयार ठेवा, पण वेष्टन काढून मोजा. त्याचं वजन धरलं की भांडण सुरू.