मुहूर्त चुकला की गाडी तापली?

प्रश्न: ताई, मे महिन्यात दुपारी १ ला सोलापूरहून महाबळेश्वरला निघालो, पंढरपूरच्या अलीकडंच गाडी तापून बंद, धाकटीला उलट्या, कसंबसं पोचलो तर हॉटेलवाला म्हणतो बुकिंगच नाही! सासूबाई अजून सगळ्यांना सांगतायत, मुहूर्त बघितला नाही म्हणून. आता दिवाळीचं नाव काढलं तरी भांडण.

उत्तर: अहो, मेमधल्या सोलापूरच्या उन्हात भर दुपारी एसी लावून निघालात, गाडी तापणारच की ओ. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आधी बघायचं, पहाटे ५ ला निघायचं, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, वाफेनं हात भाजतो. बुकिंग आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा. दिवाळीला नळदुर्गचा किल्ला बघा, तिथल्या बंधाऱ्याच्या भिंतीतला पाणीमहाल बघून पोरं खूश होतील, संध्याकाळी परत घरी. शेंगाचटणी, कडक भाकरी सोबत घ्या. मुहूर्त मात्र सासूबाईंनाच काढू द्या, फक्त पहाटेचा मागा!