‘हॅलोड बी दाय नेम’मधला हॅलो

लेकीच्या कॉन्व्हेंटमधल्या प्रार्थनेत ‘हॅलोड बी दाय नेम’ येतं. हा ‘हॅलोड’ काय प्रकार आहे, आणि हॅलोवीन त्याच्याच घरातला का, असा प्रश्न आहे.

आधी फोनवरचा ‘हॅलो’ बाजूला ठेवू. ती नुसती हाक. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रार्थनेतला ‘हॅलो’ हे क्रियापद आहे: पवित्र करणे किंवा पवित्र मानणे. मराठी बायबलात हीच ओळ ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ अशी आहे. ‘मानले’ हे मला फार नेमकं वाटतं. देवाचं नाव आपण काय पवित्र करणार!

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘हाल्गियन’ असं होतं. त्यातला ग पुढे झिजून व झाला. ‘फॉलो’ आणि ‘सॉरो’ या शब्दांतही तेच घडलंय. ‘हाल्गियन’ आलं ‘हालिग’वरून, म्हणजे आजच्या ‘होली’वरून, आणि त्याच्या मुळाशी ‘हाल’: अखंड, धडधाकट. (आपल्या ‘हाल’च्या अगदी उलट!) सबंध या अर्थाचा ‘होल’, ‘हील’ आणि ‘हेल्थ’ ही सगळी त्याचीच भावंडं. ‘होल’च्या स्पेलिंगमधला डब्ल्यू मागाहून चिकटला, त्यामुळे ‘होली’शी त्याचं नातं डोळ्यांना दिसत नाही.

जे अभंग, ज्याला धक्का लागलेला नाही, ते पवित्र, असा याचा अर्थ सहसा लावतात. आपला ‘पवित्र’ संस्कृत ‘पू’ धातूचा, म्हणजे शुद्ध करण्यातून आलेला. वाट वेगळी खरी, पण अखंडपणाची ओढ आपल्याकडेही आहेच. अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ. पूजेला कणी चालत नाही, आणि भंगलेली मूर्ती विसर्जित करतात.

आता हॅलोवीन. ‘हॅलो’ हे नामही होतं, अर्थ संत. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, ‘ऑल हॅलोज’. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे ‘ईव्हन’, तिचंच ‘ईन’ झालं. भोपळे आणि भुतं जमली तरी नाव संतांचंच राहिलं.

१०६६ला फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, आणि त्यानंतर इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा आला. नाम म्हणून ‘सेंट’ने ‘हॅलो’ची जागा घेतली, क्रियापदाला ‘सँक्टिफाय’, ‘कॉन्सिक्रेट’ हे वाटेकरी आले. १९ नोव्हेंबर १८६३ला गेटिसबर्गच्या रणभूमीवर लिंकन म्हणाले की ही भूमी आपण डेडिकेट करू शकत नाही, कॉन्सिक्रेट करू शकत नाही, हॅलो करू शकत नाही. पहिले दोन लॅटिन वळणाचे, तिसरा अस्सल घरचा.