काळूचा पासपोर्ट नागपुरात निघत नाही, भाऊ

भाऊ, तुम्ही विचारलंत की एप्रिलमध्ये जर्मनीत नोकरीवर रुजू व्हायचंय, वहिनी-पोरीसोबत तुमच्या काळू कुत्र्यालाही न्यायचंय आणि पुढे सुट्टीत त्याला फ्रान्स-इटलीला नेता यावं म्हणून त्याचा पासपोर्ट आत्ताच नागपुरात काढता येईल का. नाही येत. तो निळा पासपोर्ट युरोपियन संघात राहणाऱ्या मालकालाच मिळतो, आणि देतो तिथला अधिकृत पशुवैद्य. इथून निघताना लागतं ते सरकारी आरोग्य प्रमाणपत्र. पण त्या पासपोर्टात जे लिहिलं जातं त्याची सुरुवात आपल्या गावातच होते, आणि ती चुकली की महिने वाया जातात. माझे गेले.

मी आर्वी तालुक्यातली. आमचा भुऱ्या गावठी कुत्रा, बाबांसोबत वावरात जागलीला जाणारा. रेबीजची लस वेळेवर दिलेली होती, म्हणून मी निर्धास्त होते. लशीनंतर पंधरा दिवसांनी चिप (कातडीखाली बसवतात ती, ओळखीच्या नंबराची) बसवली आणि तिथेच घोळ झाला. चिप आधी, नाहीतर त्याच दिवशी, लस त्यानंतरच. चिपच्या आधीची लस धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली हे दाखवता येत नाही. बाबा म्हणाले, "पोरी, त्याले सुई तं देली न, मंग आता आणखी कायले?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

चिप १५ अंकी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची हवी. तालुक्याच्या दवाखान्यात नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. बसवल्यावर लगेच यंत्र फिरवून नंबर वाचायला सांगा आणि यंत्रावरचा नंबर स्वतः उतरवून घ्या. भुऱ्याच्या मानेत गोखरू अडकलेले होते, ते एकेक काढत मी उभी होते. डॉक्टरांनी दोनदा यंत्र फिरवलं, तेव्हा नंबर दिसला. लशीच्या पुस्तकात, रक्ताच्या अहवालात, प्रमाणपत्रात तोच नंबर जुळला पाहिजे. एक आकडा चुकला तरी अडवतात.

आता तारखांचं गणित. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. त्यातला सीरम (रक्तातला पातळ भाग) वेगळा करून, थंड ठेवून, युरोपियन संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच पाठवायचा. रेबीजविरोधी प्रतिपिंडं (लशीमुळे रक्तात तयार होणारे रोगाशी लढणारे घटक) दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त हवीत. अहवाल चांगला आला तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं, कारण भारत त्यांच्या मान्य देशांच्या यादीत नाही. म्हणजे आज चिप आणि लस केली तरी चार महिने धरूनच चाला.

म्हणून एप्रिलमध्ये तुम्ही पुढे जा, काळू मागून येईल. पण "भाचा घेऊन येईल" असं ठरवू नका. मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत व्हायला हवा, नाहीतर तो व्यापारी नेआणीत धरतात आणि नियम बदलतात. सुट्टी काढून तुम्ही किंवा वहिनींनी स्वतः न्यायला या. मी तशीच येऊन भुऱ्याला नेलं.

मे-जूनमध्ये मात्र नका येऊ. आपल्याकडचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, आणि उन्हाळ्यात बऱ्याच विमान कंपन्या मालाच्या कप्प्यातून कुत्री घेतच नाहीत. पावसाळा लागल्यावर, पोळ्याच्या सुमारास बरं पडतं.

पेटी आत्ताच आणा. काळूला आत उभं राहता, वळता, पाय पसरून निजता आलं पाहिजे. आम्ही ती कापसाच्या खोलीत ठेवली, आत बाबांचा जुना शेला अंथरला आणि रोजची भाकर तिथेच दिली. पहिले आठ दिवस तो मान आत घालून भाकर उचलायचा आणि बाहेर येऊन खायचा. महिन्याभराने दुपारी स्वतःहून आत जाऊन निजायला लागला. झोपेचं औषध देऊ नका; उंचावर श्वासाला ते धोक्याचं असतं.

प्रमाणपत्र मुंबईच्या केंद्रीय पशु संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयातून घ्यायचं. आधी तिथे विचारून तारीख ठरवा, मग तिकीट काढा. प्रमाणपत्राचा नमुना ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत असतो. सही झाल्यापासून दहा दिवसांत तिथे पोचावं लागतं. मुंबईपर्यंत आम्ही गाडी केली. आता समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू आहे. रात्री निघा, वाटेत थांबून पाणी पाजा. रेल्वेने जायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कुपे घ्यावा लागतो.

तिथे पोचलात की जवळच्या पशुवैद्याकडे जाऊन पासपोर्ट करून घ्या आणि प्रतिपिंडांच्या तपासणीची नोंद त्यात करायला सांगा. ही नोंद फार कामाची आहे. उद्या काळूला घेऊन गावाकडे आलात, तर परत जाताना ते तीन महिने थांबावं लागत नाही. अट एकच: पुढची लस आधीच्या लशीची मुदत संपण्याआधी. एक दिवस उशीर झाला तरी रक्तापासून सगळं पुन्हा. भारतात आणताना इथली परवानगी वेगळी काढावी लागते, तेही विसरू नका.

फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडला तो पासपोर्ट आणि चालू लस पुरते. फिनलंड, आयर्लंड, माल्टा, नॉर्वेला जायचं तर पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं (पोटातल्या चपट्या जंताचं) औषध पशुवैद्याच्या हातून देऊन पासपोर्टात वेळेसकट लिहून घ्यावं लागतं.

काळू आठ वर्षांचा म्हणून मागे ठेवावा का, हेही तुम्ही विचारलंय. हृदय-श्वास तपासून घ्या; डॉक्टर ठीक म्हणाले तर न्या. भुऱ्या सात वर्षांचा असताना इकडे युरोपात आला. पहिल्या थंडीत दाराशी बसून राहायचा, वावराची वाट पाहत असावा. आता जंगलातल्या वाटेवर मला ओढत नेतो.

चिप बसवली की तारीख मला कळवा. मी पुढच्या सगळ्या तारखा काढून देते.